मायचा पाय आणि नाव लिहिलेली बरणी

डॉक्टर बाईंनी बरणीचं झाकण काढलं. मायने आतल्या जळवा पाहिल्या, जरा मागे सरली आणि म्हणाली, "बाई, जिनगीभर याइले पायावरून उपटून धुऱ्यावर फेकलं. आता पैसे देऊन चिकटवाचं म्हणता?"

"हो काकू," डॉक्टर म्हणाल्या, "पण या धानाच्या बांधीतल्या नाहीत. आणि कुठं चिकटवायची, किती वेळ ठेवायची, ते मी ठरवणार."

मागच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. लिहू लिहू म्हणता आता श्रावण लागला. रोवणी आटोपली, शाळेतून आल्यावर थोडा वेळ मिळतो, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात. एक मोठा मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळचा तलाव, दोन बोड्या, म्हणजे लहान तळी, आणि खाली नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या. माय चौदाव्या वर्षापासून रोवणीला जाते. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं उपटायची, पेंढ्या बांधायच्या आणि कमरेत वाकून मागे मागे सरकत रोवत यायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाय पोटरीभर चिखलात. जळू चिकटली तरी कळत नाही. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर आलं, पोटरीवरून रक्ताचा ओघळ दिसला, की मग ती शोधायची. बायकांच्या कमरेला मिठाची नाहीतर चुन्याची पुरचुंडी असायचीच. लहानपणी मी मायच्या पायावरच्या जळवांवर मीठ टाकायचे आणि त्या आकसून पडताना बघायचे. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

इतकी वर्षं वाकून, उभं राहून तिच्या डाव्या पायाच्या शिरा फुगल्या. पोटरीवर निळ्या दोऱ्यांच्या गाठी बसाव्यात तशा. मग घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडली, खाज सुटली, आणि एक दिवस तिथं आठ आण्याएवढी जखम झाली. ती दोन वर्षं भरली नाही. मलमपट्टी झाली, गोळ्या झाल्या. नागपूरच्या सर्जननी पाहून सांगितलं, शिरांच्या झडपा निकामी झाल्यात, खालचं रक्त वर चढत नाही, साचून राहतं, म्हणून जखम भरत नाही. घट्ट पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवून झोपा, नाहीतर लेझर करून घ्या. लेझरला माय तयार नव्हती. पट्टी बांधायची आणि रोवणी आली की सोडून ठेवायची. जखम दोन रुपयांच्या नाण्याएवढी झाली.

तालुक्याच्या गावी या आयुर्वेदाच्या डॉक्टर आहेत हे मला शाळेतल्या एका मॅडमनी सांगितलं. मला खरं तर जळवांची भीतीच होती, आणि ती चिकटायची नव्हे. तिचं कारण माझा मामा, त्याचं पुढे सांगते. पण या बाईंनी पहिल्या दिवशी बरणीला हातच लावला नाही. आधी रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन, साखर, आणि आपल्या भागात निघतो म्हणून सिकलसेल हा रक्ताचा आजार. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कधी जखमेतलं रक्त थांबलं नाही असं झालं का, सगळं विचारलं. मायचं हिमोग्लोबिन 11 निघालं, साखर नाही, सिकलसेल नाही. तेव्हा म्हणाल्या, या गुरुवारी या, आणि येताना पायाला साबण, तेल, काही लावू नका, वासाचं काही असलं की ती तोंड लावत नाही.

त्यांच्या खोलीत भिंतीवर धन्वंतरीची तसबीर आहे. चार हात, एका हातात अमृताचा कलश. माय बराच वेळ तिच्याकडे बघत होती. "देवाच्या या हातात काय आहे वो? दोरी?" डॉक्टर म्हणाल्या, "जळू." दक्षिणेकडे धन्वंतरी असाच दाखवतात, शंख, चक्र, कलश आणि जळू. धनतेरसला आम्ही दरवर्षी दिवा लावतो, पण देवाच्या हातात काय आहे हे आम्हाला दोघींना त्या दिवशी कळलं. मायचा अर्धा विरोध तिथंच मावळला.

आता प्रत्यक्ष कसं झालं ते सांगते, कारण मी अर्ध्या हातावर बसून सगळं बघितलं.

स्टीलच्या वाटीत हळदीचं पाणी. त्यात बरणीतल्या दोन जळवा सोडल्या. बरणीत त्या सुस्त होत्या, वाटीत पडल्या की वळवळायला लागल्या, लांब होत, आखूड होत. अंगावर हिरवट काळ्या रंगात कडेने पिवळसर रेघ. मग त्यांना साध्या पाण्यात धुऊन जखमेच्या काठावर, काळ्या कातडीवर ठेवलं. एक लगेच चिकटली. दुसरी नुसती फिरत राहिली, वर जाई, खाली येई. डॉक्टरांनी सुईने कातडीवर एक टोचा दिला, रक्ताचा थेंब आला, तेव्हा तिने तोंड लावलं. मान कमानीसारखी उचलली, तोंड घोड्याच्या खुरासारखं पसरलं. ही घोड्याच्या खुराची उपमा माझी नाही. डॉक्टरांनी सांगितलं, सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या तेराव्या अध्यायात ती तशीच आहे. जळवांसाठीच तो अख्खा अध्याय आहे. बारा प्रकार, सहा विषारी, सहा बिनविषारी. ओला पांढरा कपडा झाकायचा, न चिकटली तर दुधाचा नाहीतर रक्ताचा थेंब द्यायचा, हेसुद्धा त्यात लिहिलेलं.

मायला काय वाटतं विचारलं तर म्हणाली, "मुंगी चावल्यावानी. बस."

ओला कापूस अंगावर ठेवला होता, त्यावर डॉक्टर मधूनमधून पाणी सोडत होत्या. सुरुवातीला काडीएवढी असलेली जळू पाऊण तासात माझ्या करंगळीएवढी झाली. अंगात एक लाट शेपटीकडे जाताना दिसायची, घोट घेतल्यासारखी. मग एक आपोआप सुटून पडली. दुसरीच्या तोंडाशी हळद टाकली तेव्हा तिने सोडलं. जिथं चावली होती तिथं तीन फाट्यांची बारीक खूण. तीन जबडे असतात तिला, प्रत्येक जबड्यावर बारीक दातांची ओळ.

यानंतर जे केलं ते मला ठाऊक नव्हतं. जळूच्या तोंडावर हळद लावून, शेपटीकडून तोंडाकडे दोन बोटांनी हळूहळू दाबत आणत तिला प्यालेलं सगळं ओकायला लावलं. काळपट रक्त. पुरतं ओकेपर्यंत पाण्यात सोडून बघायचं. तरतरीत फिरली तर बरं, तळाशी निपचित पडली तर पोटात अजून आहे. हे न केलं तर ती मरते, असं डॉक्टर म्हणाल्या. मग स्वच्छ पाण्याच्या वेगळ्या बरणीत टाकली आणि बरणीवर चिकटपट्टी लावून मायचं नाव, तारीख लिहिली. ही जळू आता मायशिवाय दुसऱ्या कुणालाही लागणार नाही, आणि मायलाही सात दिवस नाही.

रक्त मात्र थांबेना. हळद दाबून पट्टी बांधली तरी एसटीत साकोलीपासून गावापर्यंत पट्टी ओली. मी घाबरून फोन केला. त्या म्हणाल्या, सहा-आठ तास झिरपतं, पाय वर ठेवा, पट्टीवर पट्टी बांधा, त्यापेक्षा जास्त चाललं तर लगेच या. रात्री नऊला थांबलं. जळूच्या लाळेत हिरुडीन नावाचं द्रव्य असतं, ते रक्ताची गाठ होऊ देत नाही. 1884 साली हेक्राफ्ट नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने जळूच्या तोंडातल्या रसात असा गुण आहे हे दाखवलं. पुढे त्याच धर्तीवर रक्त पातळ करणारी औषधं कारखान्यात तयार झाली. म्हणजे रोवणीत धुऱ्यावर आल्यावर पोटरीवरचा तो ओघळ का थांबत नव्हता, ते मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळलं.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं ते सगळ्या रोवणीवाल्या बायांसाठी इथं लिहिते. बांधीत जळू लागली तर मीठ, चुना, तंबाखू टाकू नका. ती पोटातलं जखमेतच ओकते. तोंडाच्या बाजूने, जे निमुळतं टोक असतं तिथं, नख आडवं सरकवा, सुटते. मग जागा धुऊन दाबून धरा.

आता मामा.

मामाला साखर आहे, वीस वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी अंगठ्याला काटा रुतला, जखम झाली. आठवडी बाजारात एक माणूस बाटलीत जळवा घेऊन बसायचा. "वाईट रक्त काढतो." मामा दोनदा त्याच्याकडे जाऊन आला. त्याच जळवा त्याच्या आधी कुणाला लावल्या, कुणास ठाऊक. हळद नाही, धुणं नाही, साखर आहे का हा प्रश्न नाही. जळूच्या पोटात एरोमोनास नावाचे जंतू राहतात, तिचं अन्न तेच पचवतात. तिला त्यांचा त्रास नाही, पण ज्याच्या पायात आधीच रक्त पोचत नाही आणि साखर चारशे आहे त्याला बाधायला ते पुरतात. मोठमोठ्या इस्पितळांत जळू लावताना रुग्णाला त्यासाठी आधीच प्रतिजैविक देतात. मामाला कोण देणार? आठ दिवसांत पाय सुजला, आणि लाजेपायी त्याने कुणाला दाखवला नाही. आम्हाला कळलं तेव्हा जखमेत किडे पडले होते.

आपल्याकडे हे शब्द शिवी म्हणून वापरतात. तुझ्या अंगात किडे पडतील. मामाला वाटलं, आपल्या हातून काही पाप झालं. नागपूरला नेताना गाडीत तोंडावर दुपट्टा घेऊन बसला होता, एक शब्द बोलला नाही. बैलाच्या जखमेत किडे पडले तर सीताफळाचा पाला वाटून कसा भरायचा हे आम्हाला सगळ्यांना माहीत, पण माणसाच्या?

तिथं एक तरुण डॉक्टर होता. चिमट्याने एकेक अळी काढत तो मामाशी बोलत होता, आणि त्याने जे सांगितलं ते मामा अजून सांगतो. "मामाजी, लाजू नका. यांनी सडलेलंच मांस खाल्लंय." पहिल्या महायुद्धात विल्यम बेअर नावाचा अमेरिकन सर्जन होता. दोन सैनिक जखमी होऊन बरेच दिवस रणांगणात पडून राहिले, त्यांच्या जखमा अळ्यांनी भरलेल्या, पण अळ्या धुतल्यावर खाली लालबुंद ताजं मांस. पुढे त्याने इस्पितळात मुद्दाम अळ्या वापरून हाडाच्या जुन्या जखमा बऱ्या केल्या, त्याचा लेख 1931 साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापून आला. हिरव्या माशीच्या त्या अळ्या आता निर्जंतुक अंड्यांतून वाढवतात आणि दोन-तीन दिवस जखमेवर जाळीत बांधून ठेवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 साली अळ्यांना आणि त्याच वर्षी जळवांना वैद्यकीय साधन म्हणून परवानगी दिली. मामाच्या पायातल्या अळ्या मात्र उकिरड्यावरून आलेल्या माशीच्या. त्यांच्याबरोबर काय काय आत गेलं होतं कोण जाणे. अंगठा आणि शेजारचं बोट कापावं लागलं.

बाजारातल्या त्या माणसाचा मला राग आहे, आजही आहे. जळूचा नाही. जळूने तिचं काम केलं. तिच्या पोटात काय आहे, माणसाच्या अंगात काय आहे, हे बघणं त्याचं काम होतं. "नैसर्गिक आहे, काही होत नाही" हे वाक्य मी ऐकलं की मला मामाचा तो दुपट्टा आठवतो. ज्याने कातडी कापून रक्त निघतं, ते शस्त्रच आहे. फक्त जिवंत आहे म्हणून ते आपल्याला शस्त्र वाटत नाही.

आणि शस्त्र जिवंत असलं की आणखी एक हिशेब येतो, तो मायने मला शिकवला.

जळवांच्या आदल्या वर्षी पुतणीच्या लग्नाच्या खरेदीला आम्ही नागपूरला गेलो होतो. एका मॉलमध्ये काचेच्या हौदात माशांची झुंड, त्यात पाय सोडून बसायचं, मासे मेलेली कातडी कुरतडतात. पुतणी मागे लागली, "आजी, पाय मऊ होतात, भेगा जातात." मायच्या घोट्यावर तेव्हा पट्टी होती. पैसे घेणाऱ्या मुलाने ती पट्टी पाहिली, साखर आहे का, जखम आहे का, काही विचारलं नाही. आधीच्या बाईचे पाय निघाले तरी पाणी तेच. मीच म्हटलं, माय, तू नको. पण माय हौदाशी वाकून माशांकडे बघत होती. तलावाकाठी जन्म गेला तिचा, मासे पाहिले की थांबते.

"पोरा, ह्या मासोऱ्या काय खातेत गा?"

तो म्हणाला, "दिवसभर काही देत नाही आजी. पोट भरलं तर पायाला लागत नाहीत."

माय सरळ झाली. पुतणीला म्हणाली, "चाल बाई. उपाशी ठेवतेत, म्हणून चावतेत." आणि निघाली.

हे मासे मूळचे तुर्कस्तानकडचे, गारा रूफा. तिथल्या कंगल गावच्या गरम झऱ्यांत राहतात, तिथं फारसं खायला नसतं, म्हणून पाण्यात उतरलेल्या माणसाची कोरडी कातडी खातात. सोरायसिस या कातडीच्या आजाराचे लोक त्या झऱ्यांवर जातात. झऱ्याचं पाणी वाहतं असतं. मॉलच्या हौदाचं नसतं, आणि त्यात जंतुनाशक टाकता येत नाही, टाकलं तर मासेच मरतील. अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांनी याच कारणाने हे बंद केलं. चेहऱ्यावर जिवंत गोगलगायी फिरवणं, मधमाशीचा डंख टोचून घेणं, असलंही आता मोबाइलवर दिसतं. मधमाशीचं फार बोलत नाही. स्पेनमध्ये एक बाई दोन वर्षं डंख टोचून घेत होती, एके दिवशी तिच्या अंगाने ते सोसलं नाही, आणि ती वारली. तिथल्या डॉक्टरांनी ते 2018 साली छापलं. आग्या मोहोळाखालून गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

भेगांसाठी कोकमाचं तेल आहे. त्यासाठी शंभर जिवांना उपाशी ठेवायची गरज मला दिसत नाही. पायाची जखम दोन वर्षं भरत नसेल तर गोष्ट निराळी. तुटलेला कान जोडायचा असेल तर गोष्ट निराळीच. 1985 साली बोस्टनला एका पाच वर्षांच्या मुलाचा कुत्र्याने तोडलेला कान डॉक्टरांनी परत शिवला. धमन्या जोडल्या, पण इतक्या बारीक शिरांतून रक्त परत जाईना, कान निळा-काळा पडत चालला. तेव्हा जळवा लावल्या. नव्या शिरा फुटेपर्यंत साचलेलं रक्त त्या ओढत राहिल्या आणि कान वाचला. हाच तो नागपूरच्या सर्जननी सांगितलेला प्रकार, रक्त येतं पण जात नाही. म्हणून मायच्या पायाला जळवा लावायचा विचार मला पटला.

सहा गुरुवार झाले. जखमेभोवतीची काळी कातडी आधी फिकी झाली, खाज गेली, मग काठ आत सरकायला लागले. फाल्गुनात जखम मिटली. पण हे सगळं जळवांनी केलं असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही म्हणत नाहीत. या वेळी माय घट्ट पट्टी रोज बांधत होती, कारण गुरुवारी डॉक्टर बघणार होत्या. पाय उशीवर ठेवून झोपत होती. कशाने किती झालं हे वेगळं काढता येत नाही.

तिचा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून होता. "याइचं मग काय करता?" दर गुरुवारी ती आधी तिच्या नावाची बरणी बघायची. पाणी बदललं का विचारायची. तिसऱ्या आठवड्यात एक मेली तर तिला वाईट वाटलं. शेवटच्या गुरुवारी तिने परत विचारलं, आणि डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. "काकू, यांना आता बोडीत सोडता येत नाही. माणसाचं रक्त प्यालेल्या आहेत, पाण्यात लोक उतरतात, गुरं उतरतात. स्पिरिटमध्ये टाकावं लागतं आणि इस्पितळाच्या कचऱ्याबरोबर द्यावं लागतं."

माय बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माह्यासमोर करा." तिने बघितलं. नजर हलवली नाही. पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावताना तिचा चेहरा असतो, तसा होता. डॉक्टरांचं बरोबरच आहे, दुसरा मार्ग मलाही सुचत नाही. पण जे पाय मऊ करायला जीव वापरतात त्यांनी एकदा तरी त्या स्पिरिटच्या वाटीसमोर उभं राहावं असं मला वाटतं.

जूनमध्ये डॉक्टरांचा फोन आला, मायसाठीच. त्यांना जळवा आणून देणारे ढिवर, म्हणजे मासे धरणारे दादा म्हणत होते, आता मिळत नाहीत. खालच्या बोडीत सगळ्या बांध्यांचं फवारणीचं पाणी उतरतं, तिथं दोन वर्षांत एक दिसली नाही. आम्हालाही ते आठवून बघितल्यावरच लक्षात आलं. रोवणीत आता कुणाच्या कमरेला पुरचुंडी नसते. युरोपातही असंच झालं होतं, फवाऱ्याने नाही, जळवांनी रक्त काढून घ्यायच्या हावेने. 1833 या एका वर्षात फ्रान्सने चार कोटींवर जळवा बाहेरून आणवल्या, तिथली तळी रिकामी झाली. सुश्रुताने लिहिलंय, चांगली जळू स्वच्छ, भरपूर पाण्यात, कमळांत राहते. घाणीत, कुजलेल्यात राहते ती वाईट.

मायने फोनवरच सांगितलं, "वरच्या बोडीत आहेत. जंगलाच्या अंगाला, जेथी कमळं आहेत." पण वीसच्या वर न्यायच्या नाहीत, असंही सांगितलं.

मिरगाच्या पहिल्या पावसानंतर सकाळी आम्ही तिघं गेलो. माय पायमोजे घालून बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर बसली, तिला पाण्यात उतरायची मनाई आहे. दादा गुडघाभर पाण्यात गेले आणि तळव्याने पाणी हळूहळू थापटायला लागले. थोड्या वेळाने कमळाच्या पानांखालून काळ्या रेघा लाटेसारख्या हलत यायला लागल्या. दादा एकेक उचलून मडक्यात टाकत होते आणि पाळीवरून माय मोठ्याने मोजत होती. मोठ्या दोन आल्या त्या तिने परत सोडायला लावल्या, अंडी घालतील म्हणून. विसावी पडली तेव्हा म्हणाली, "झाल्या. निघा आता," आणि दादा बाहेर आले तेव्हा त्यांच्या पोटरीवर चिकटलेली एकविसावी तिने वाकून नखाने सोडवली आणि पाण्यात टाकली.